भरून काढलेली धमनी

महाराष्ट्रातून एक जन्मजात व्यंग नाहीसे झाले आणि त्यासाठी कोणालाही काही करावे लागले नाही. राज्याच्या आरोग्य अहवालात त्याच्या नावापुढे वर्षानुवर्षे शून्य येत राहिले. शून्यच लिहायचे तर रकाना कशाला, असा सुज्ञ विचार होऊन मग रकाना गेला, आणि रकाना गेल्यावर पाठ्यपुस्तकातला परिच्छेदही गेला. मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवत असे. तो परिच्छेद मी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना शिकवलेला असल्यामुळे तो गेल्याचे माझ्या लक्षात आले. व्यंग घेऊन जन्मणारी माणसे मात्र पूर्वीसारखीच जन्मत होती. अहवालाची त्यांना कल्पना नव्हती.

व्यंग पायाच्या धमनीचे. गर्भाचा पाय फुटू लागतो तेव्हा त्याला रक्त मिळते ते मागून, कटीतून निघून कुल्ल्याच्या स्नायूंखालून, सायटिक नावाच्या जाड मज्जातंतूच्या सोबतीने गुडघ्यापर्यंत उतरणाऱ्या धमनीतून. काही आठवड्यांनी जांघेतून, म्हणजे पुढून, दुसरी धमनी खाली येते आणि सारा कारभार हाती घेते. मागची धमनी सुकून जाते. तुमचे-माझे असेच झाले. पण हजारांत एखाद्याचेही होत नाही असे क्वचित कोणाचे होते: पुढची धमनी जांघेपासूनच सुतासारखी बारीक होऊन मांडीच्या मध्यावर संपते आणि मागची आयुष्यभर पाय पोसत राहते. कधी एका पायात, कधी दोन्ही. त्या माणसाला काही कळत नाही. तो चालतो, लग्न करतो, म्हातारा होतो. फक्त प्रत्येक वेळी खाली बसताना तो आपल्या पायाच्या एकमेव धमनीवर बसतो. चाळीस-पन्नास वर्षे अशी दाबली गेलेली धमनी एके दिवशी फुगते. फुग्यात गुठळ्या धरतात, त्यांचे कण पायाच्या बोटांत जाऊन अडकतात, बोटे निळी पडतात.

हा फुगा बंद करायचा तर आधी गुडघ्यापर्यंत रक्ताची नवी वाट करून द्यावी लागते. ती न करता नुसते बूच मारले तर पाय मरतो. एवढी साधी गोष्ट आहे.

आता कमानीविषयी. माझा मुलगा श्रेणिक मगदूम कोल्हापुरातल्या एका रक्तवाहिनी केंद्राचा प्रमुख. त्या केंद्रात, आणि पुढे राज्यभर, कमान आली. रुग्णाने अंगावरच्या कपड्यांनिशी कमानीखाली पडायचे. सुई नाही, रंगद्रव्य नाही, किरणांचा मारा जवळजवळ नाही. जेमतेम चहा होईल एवढ्या वेळात त्याच्या साऱ्या रक्तवाहिन्यांचा रंगीत नकाशा पडद्यावर येतो. इतक्या मंद किरणांनी इतके स्वच्छ चित्र कसे येते, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. उत्तर गुप्त नव्हते. कमानीला दिसते ते धूसर आणि तुटक असते. उरलेले ती कोट्यवधी माणसांच्या नकाशांवरून भरून काढते. धमनीचा एक तुकडा वर दिसला, एक खाली दिसला, मध्ये काही दिसले नाही, तर मध्ये धमनी असणारच, कोट्यवधींना असते. दिसलेले आणि भरलेले एकाच लाल रंगात रंगवले जाते. आणि दुर्मीळ व्यंग म्हणजे ज्यात कोट्यवधींसारखे नसते ते. एखादे व्यंग समोर आले की कमान ते पुसून नीट करीत असे. नीट केलेला नकाशा पुन्हा कोट्यवधींच्या साठ्यात जमा होई. शून्य असे तयार झाले.

हे मी आज सलग सांगू शकते. हुपरीला जेवायला गेले त्या रविवारी मला यातले निम्मेच माहीत होते.

हुपरीला माझ्या सुनेचे, त्रिशलाचे, माहेर; श्रेणिक त्या रविवारी सोबत आला नव्हता. तिचे वडील भूपाल नेजकर, ज्यांना आम्ही सारे अप्पा म्हणतो, चांदीचे कारागीर. पैंजणांना घुंगरांचा डाख देण्यात, म्हणजे ती धातू वितळवून जोडण्यात, आयुष्य गेले. तेही मांडी घालून, जमिनीवर, बुडाखाली पातळसे पोते. त्या दिवशी मात्र ते पाटावर उजव्या अंगावर कलून बसले होते आणि डावी बाजू अधांतरी धरून जेवत होते.

"अप्पा, असे तिरके का बसलाय?"

"सरळ बसून आजवर काय मिळालं, विहीणबाई? म्हटलं आता तिरकं बसून बघावं."

"गाठ आलीय त्यांना," त्रिशला वाढता वाढता म्हणाली. "डावीकडे, बसायच्या जागी. हात लावला तर उडते म्हणतात. यांच्या कमानीतून जाऊन आलेत."

"बुधवारी बुच बसवणार हायत," अप्पा म्हणाले. "सकाळी जायचं, सांजच्याला घरी. जावईबापू म्हणाले, टाकासुदीक पडणार न्हाई."

मी त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिले. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट शाई सांडल्यासारखे झाले होते. बसायच्या जागी उडणारी गाठ, निळी बोटे. विच्छेदनगृहात मी अशी धमनी एकदाच हातात धरली होती, अंगठ्याएवढी जाड, कुल्ल्याच्या स्नायूखाली, जिथे तिने असू नये तिथे.

"श्रेणिकने हात लावून तपासलं का तुम्हाला?"

अप्पांनी घास खाली ठेवला. "मांडवात ज्या जावयाचं पाय धुतलं, त्येच्याम्होरं धोतर सोडू व्हय? आनि त्येंनी तरी कसं म्हणावं? माणूस मर्यादेचा हाय. म्हणाले, मामा, कापडं असू द्यात, नुसतं पडून ऱ्हावा."

कमानीची जाहिरातही हेच सांगत असे: अंगाला हात न लावता. लोकांना ती का आवडली हे मला त्या पाटावर समजले. सासऱ्यांना, सुनांना, लाजणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि त्यांच्याहून अधिक लाजणाऱ्या तरुण डॉक्टरांना तिने एका मोठ्या संकटातून सोडवले होते.

"मग मी बघते," मी म्हणाले.

व्याह्याच्या जांघेत विहिणीने हात घालून नाडी पाहावी, याला कोणत्याही शास्त्रात आधार नाही, एक वैद्यकशास्त्र सोडले तर.

"तुमी तर मेलेल्यांच्या डाक्टर," अप्पा कसेबसे म्हणाले.

"हो. मेलेले लाजत नाहीत, म्हणून लाजणाऱ्यांची मला सवय नाही. त्रिशला, दार लाव आणि इथंच उभी राहा."

अप्पा पलंगावर उताणे पडले, भिंतीकडे तोंड केले आणि णमोकार मंत्र म्हणू लागले, बहुधा माझ्यासाठी. धोतराच्या एका पदरावरून मी उजव्या जांघेत बोटे टेकवली. नाडी लगेच लागली, ठाम आणि संथ. डाव्या जांघेत बोटे टेकवली. काही लागले नाही. जागा थोडी बदलली, दाब कमी केला, वाढवला, वाट पाहिली. मंत्र दोनदा म्हणून झाला तरी काही नाही. मग डाव्या गुडघ्यामागे बोटे नेली, आणि तिथे नाडी माझ्या बोटांना उचलून धरीत होती. मोठ्या रस्त्यावर एक गाडी नाही आणि पुढच्या गावात बाजार भरलेला. माल मागच्या वाटेने आला होता.

"काय लागलं?" अप्पांनी भिंतीला विचारले.

"डावीकडे काहीच लागलं नाही."

"मग बरंच की."

"बरं नाही, अप्पा. तुमच्या पायाला रक्त पुरवणारी एकच धमनी आहे आणि ती त्या गाठीतून जाते. बुधवारी तिला बूच बसलं, तर पाय कापावा लागेल."

अप्पा उठून बसले, धोतर नीट केले आणि पायाच्या निळ्या बोटांकडे पाहिले.

"जावईबापूंनी सांगितलंय ते मी मोडणार न्हाई," ते म्हणाले.

"अप्पा, पाय जाईल म्हणतायत आई," त्रिशला म्हणाली.

"ऐकलं मी. एवढ्या मोठ्या दवाखान्याचा धनी तो. त्येची आई आनि सासरा मिळून त्येला खोटं पाडणार? जावयाचा शबूद मोडून पाय राखायचा, मग त्या पायानं लेकीच्या दारात जायचं कसं?"

हा माणूस मूर्ख नव्हता. त्याने दोन गोष्टी तोलून पाहिल्या होत्या आणि त्याच्या तराजूत पाय हलका ठरला होता. बुधवार टाळू शकेल असा एकच माणूस उरला, आणि तो माझा मुलगा होता.

सोमवारी मी श्रेणिकच्या खोलीत गेले. त्याने अप्पांचा नकाशा भिंतभर उघडला. डाव्या मांडीत पुढची धमनी जांघेपासून गुडघ्यापर्यंत अखंड, तांबडीलाल, सुबक. मागे कुल्ल्यात एक फुगा, त्याखाली 'स्थानिक शाखेचा विस्फार, बूच योग्य' असा शेरा.

"हे बघ, आई. पुढची आहे. पूर्ण आहे."

"यातली दिसलेली किती आणि भरलेली किती?"

"पडद्यावर तो फरक दाखवत नाहीत. रुग्ण घाबरतात."

"मी रुग्ण नाही. मला जांघेत नाडी लागली नाही, गुडघ्यामागे लागली. याचा अर्थ काय, हे तुला मी वर्गात शिकवलं आहे."

"चरबी असेल. वय आहे. तुझी बोटं..." तो थांबला. सुसंस्कृत मुलगा आहे.

"माझी बोटं म्हातारी आहेत, हे मान्य. तुझी लावून बघ."

"मामांना मी कसं सांगू, धोतर सोडा म्हणून? आणि तपासणीत हाताची पायरी आता नाहीच. समितीनेच काढली." त्या समितीचा अध्यक्ष कोण होता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते, म्हणून त्याने ते सांगितले नाही.

"सासरे म्हणून तू त्यांना हात लावला नाहीस. ठीक. बाकीच्यांचा तू कुठं जावई आहेस?"

मी त्याला सोनोग्राफी करायला सांगितली. तो म्हणाला, उपयोग नाही, ते यंत्रही आता चित्र नकाशावरच बसवून दाखवते. रंगद्रव्य घालून जुन्या पद्धतीचे चित्र? त्याला परवानगी लागते, आणि परवानगीसाठी नकाशात काही संशयास्पद दिसावे लागते. ही रचना ज्यांनी केली ते दुष्ट नव्हते. दुष्ट माणसे इतकी निर्दोष तटबंदी बांधत नाहीत. त्यासाठी सज्जनांच्या बैठका लागतात.

"मूळ छाया तर असेल," मी म्हणाले. "भरण्याआधीची."

"असते. प्रमुखाला उघडता येते. उघडली की त्याची नोंद होते. मग हा रुग्ण कवचाबाहेर जातो."

कवच म्हणजे कायद्याचे संरक्षण. नकाशाप्रमाणे शस्त्रक्रिया केली आणि काही बिघडले तर सर्जनवर दावा होत नाही. नकाशावर अविश्वास दाखवला तर पुढचे सारे त्याच्या शिरावर.

"अप्पा तुझा शब्द मोडायला तयार नाहीत," मी म्हणाले. "बुधवारी ते हसत येतील आणि तू सांगशील तिथे झोपतील. तुझ्याइतका आज्ञाधारक सासरा कोणाला मिळाला नसेल."

श्रेणिकने मूळ छाया उघडली. भिंतीवर राखाडी धुके आले. जांघेखाली एक बारीक रेघ काही अंतर उतरली आणि विरून गेली. त्यापुढे गुडघ्यापर्यंत काही नव्हते. मागून मात्र एक जाड, नागमोडी पट्टा कुल्ल्याच्या फुग्यातून थेट गुडघ्यामागे पोचला होता. यंत्राने त्याचा वरचा भाग फुग्यात जमा केला होता आणि खालचा भाग बिनकामाचा समजून पुसून टाकला होता.

त्याने ते चित्र मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा पाहिले. मग उठून हात धुतले, का ते कळले नाही, आणि म्हणाला, "मामांना फोन करतो. बुधवार रद्द."

त्याच संध्याकाळी तो हुपरीला गेला आणि सासऱ्याला त्याने स्वतःच्या हाताने तपासले. त्या भेटीचे वर्णन मला दोघांपैकी कोणीही केले नाही.

शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात झाली. मी काचेमागून पाहिली. टेबलावर टांगलेल्या पारदर्शक पडद्याने सवयीप्रमाणे अप्पांच्या मांडीवर नकाशा पसरला. श्रेणिकने त्वचा उघडली त्या जागी हवेत तांबडी धमनी तरंगत होती आणि तिच्याखाली, खऱ्या मांसात, दिव्याच्या वातीएवढा एक दोरा होता.

"पडदा बंद करा," तो म्हणाला.

"सर, तो 'विसंगती' म्हणतोय," परिचारिका म्हणाली.

"बरोबर म्हणतोय. बंद करा."

उजव्या पायातली एक लांब शीर काढून, तिच्यातल्या झडपा रक्त अडवू नयेत म्हणून ती उलटी फिरवून, त्याने तिचे वरचे टोक पोटाच्या तळाशी, धमनी अजून रुंद असते तिथे, जोडले आणि खालचे गुडघ्यामागे. केसापेक्षा बारीक धाग्याचे ते टाके मी मोजत बसले नाही. नव्या वाटेतून रक्त सोडल्यावर त्याने मागची धमनी गुडघ्याच्या वर चिमट्यात धरली, आणि सगळे जण डाव्या पावलाकडे पाहू लागले. पाऊल गुलाबी राहिले. मग आतून तार सरकवून फुग्याच्या दोन्ही तोंडांना बुचे बसवली गेली. तीच बुचे, तोच फुगा. बुधवारच्या आणि या दिवसाच्या मध्ये फक्त एक शीर होती.

शुद्धीवर आल्यावर अप्पांनी पहिला प्रश्न विचारला तो जावईबापू जेवले का, हा.

यंत्राचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. त्यात लिहिले होते की पुढची धमनी मुळातच अखंड असल्याने केलेली जोडणी अनावश्यक होती. निदानाचे नाव लिहायला श्रेणिक गेला तेव्हा यादीत ते नाव नव्हते. त्याने ते टंकित केले; यंत्राने त्याला 'इतर' हा पर्याय सुचवला.

मग त्याने एक काम केले, त्याबद्दल मी त्याला श्रेय देते. गेल्या काही वर्षांत कुल्ल्यातल्या फुग्याला बूच बसवल्यानंतर ज्यांचे पाय कापावे लागले, अशांच्या मूळ छाया त्याने एकेक करून उघडल्या. त्या सर्वांच्या कागदांवर 'अनाकलनीय गुठळी' असा शेरा होता. श्रेणिकला आकलन व्हायला प्रत्येकी काही क्षण पुरले. त्यांच्यातल्या एका बुचावर सही त्याची स्वतःची होती. गडहिंग्लजकडचा एसटीचा चालक, नाव रामू कांबळे.

आणि मग तो थांबला. याचेही श्रेय त्याचेच.

अप्पा हिंडूफिरू लागल्यावर आम्ही पुन्हा हुपरीला जमलो. अप्पा आता खुर्चीवर बसत होते आणि त्याचा त्यांना अपमान वाटत होता. जेवताना श्रेणिक म्हणाला की वर चर्चा झाली आहे. मामांची केस 'पर्यायी पद्धत' म्हणून नोंदवावी असा सल्ला आहे. बाकीचे योग्य वेळी समितीपुढे मांडता येईल. कमानीने हजारो लोकांचे प्राण वाचवले आहेत, हेही खरेच; एकदम घबराट करणे बरे नाही.

"योग्य वेळ म्हणजे केव्हा?" त्रिशलाने विचारले.

"आई, तू तरी सांग हिला. अशी कामं टप्प्याटप्प्यानं होतात."

माझ्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि त्यातले बरेचसे आईने मुलाला सांगण्यासारखे नव्हते.

अप्पा इतका वेळ ताक पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला. लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाला एकदाही उलट शब्द बोललेला मी ऐकला नव्हता.

"जावईबापू, एक इचारू?"

"विचारा की, मामा."

"माझा पाय ऱ्हायला त्यो विहीणबाईंनी लाज सोडली म्हणून. त्यास्नी तुमची काळजी, त्रिशीची काळजी, म्हणून सोडली." ते आपल्या पावलाकडे पाहत बोलत होते. "बाकीच्यांनी विहीण कुठनं आणायची?"

त्रिशला भात वाढायला वाकली होती ती तशीच राहिली. श्रेणिकचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते. तो रडायच्या बेतात असला की फार शांत दिसतो. त्याने ताटाला नमस्कार केला, उठला, हात धुतले आणि परत येऊन तिथेच, सासऱ्यासमोर, फोन लावला.

"रामू कांबळे का? मी डॉक्टर मगदूम बोलतोय, कोल्हापूरहून. हो, तोच. तुमचा तो पाय मी घालवला, त्याबद्दल समोर येऊन बोलायचं आहे. पण आधी तुमचा दुसरा पाय मला बघायचा आहे. लवकर. कमानीत नको. हातानं."

पलीकडून एक सावध, कोरडा आवाज आम्हा सर्वांना ऐकू आला.

"का वो डाक्टर, मशीन बिघडलं व्हय तुमचं?"

"नाही," श्रेणिक म्हणाला. "मशीन व्यवस्थित चालू आहे. म्हणूनच फोन केला."